पीसीओएससाठी पाळीच्या गोळ्या की मेटफॉर्मिन? दोन्ही घेऊन झालेल्या बाईकडून

मागच्या आठवड्यात कोथरूडहून मावसबहिणीचा फोन, ताई सोनोग्राफीत पीसीओडी आलंय, एक डॉक्टर म्हणतात पाळीच्या गोळ्या सुरू कर, दुसऱ्या म्हणतात मेटफॉर्मिन घे, आता मी काय करू. (पीसीओडी म्हणजे पीसीओएसच, हार्मोन बिघडून पाळी चुकते तो ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा त्रास.) माझं दोन्ही करून झालंय, त्यामुळे तिला तासभर जे सांगितलं तेच इथे टाकतेय. मी डॉक्टर नाही, आयटीत आहे, पण फाईल जाड आहे माझी.

आधी एक. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारून घेऊ नका. २००३ पासून जे रॉटरडॅम निकष वापरतात त्यात तीनपैकी दोन गोष्टी लागतात, अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असणं (रक्तात, किंवा हनुवटीवरच्या केसांतून दिसणारं), आणि सोनोग्राफीतलं ओव्हरीचं ते ठरावीक चित्र. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) आधी तपासायचं कारण पाळी त्यांच्यामुळेही चुकते. आणि सोनोग्राफीत दिसतात त्या सिस्ट म्हणजे गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल्स (अंडं वाढतं त्या बारीक पिशव्या) असतात, हे मला कोणी नीट सांगेपर्यंत आई नवस बोलून मोकळी झाली होती.

आता गोळ्या. म्हणजे गर्भनिरोधकच, २१ गोळ्यांची स्ट्रिप आणि मग ७ दिवस गॅप. मेडिकलवाल्याने कागदात गुंडाळून दिली आणि आईने घरी येऊन उघडून बघितली, "लग्नाआधी असल्या गोळ्या?" तिला समजवायलाच दोन दिवस गेले. काम काय करतात तर ओव्हरीतून निघणारं पुरुषी हार्मोन कमी करतात, शिवाय लिव्हरमध्ये एक प्रोटीन वाढतं जे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं. पिंपल्सना माझे तीन-चार महिने लागले, हनुवटीचे केस मात्र हट्टी, त्याला सहा महिने तरी धराच, आणि थ्रेडिंग पूर्ण सुटेल अशी आशा नको. पाळी अगदी घड्याळासारखी आली. पण ती खरी पाळी नाहीये हं, गॅपमध्ये हार्मोन खाली येतं म्हणून होणारं ब्लीडिंग आहे, त्यावरून ओव्हरी कामाला लागली असं समजू नका. वर्षाने बंद केल्या तर माझी गाडी परत मूळ जागी, ५५ दिवस, ७० दिवस.

कोणी घेऊ नयेत हेही बघा: अर्धशिशीत डोळ्यांपुढे आधी वेड्यावाकड्या रेषा चमकत असतील, बीपी असेल, कधी पायात वगैरे रक्ताची गुठळी झाली असेल, ३५ च्या पुढे सिगरेट असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकही गोळी नाही. माझं तर पहिल्यांदा बीपीसुद्धा मोजलं नव्हतं, मीच दुसऱ्या व्हिजिटला मोजायला लावलं.

मेटफॉर्मिनची गोष्ट वेगळी, ते मूळ डायबेटिसचं औषध, इन्शुलिनचा परिणाम नीट होत नाही (त्यालाच इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात) तिथे मदत करतं. जास्तीचं इन्शुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन बनवायला भरीस घालतं, ती साखळी थोडी सैल होते. माझ्या मानेवर मागे काळा पट्टा होता, मखमलीसारखा, कॉलेजपासून आई डाळीचं पीठ आणि दही लावून घासायची, मळ आहे म्हणून. तो मळ नव्हता, इन्शुलिन रेझिस्टन्सची खूण होती. वजन जास्त, पोट सुटलेलं, घरात डायबेटिस, असा पट्टा, असं असेल तर मेटफॉर्मिनचा विषय नक्की काढा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती शुगर टेस्ट करून घ्या, नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरवर विसंबू नका.

त्रास म्हणाल तर पोट. पहिल्या आठवड्यात मी हुशारी करून सकाळी चहाबरोबर घेतली आणि कंपनीची बस वाकडच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली, पुढचं विचारू नका. जेवणाबरोबर घ्यायची, ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून डॉक्टर सांगतील तशी हळूहळू वाढवायची, स्लो रिलीजवाली जास्त सोसते. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासत राहायचं. स्वस्त आहे, जनऔषधी दुकानातही मिळते. पिंपल्स-केसांसाठी मात्र गोळ्यांइतकी कामाची नाही. आणि अजून एक, हिच्यामुळे ओव्ह्युलेशन (ओव्हरीतून अंडं बाहेर पडणं) परत सुरू होऊ शकतं आणि ही गर्भनिरोधक नाही, तेव्हा मूल नको असेल तर त्याची वेगळी सोय करा.

मग कोणी काय घ्यावं? माझ्या मते केस, पिंपल्स, बेभरवशाची पाळी हाच जास्त त्रास असेल आणि मूल आत्ता नको असेल तर गोळ्या. वजन-शुगरकडे झुकणारं असेल तर मेटफॉर्मिन. दोन्ही असेल तर दोन्ही एकत्रही देतात, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. मूल हवं असेल तर हा प्रश्नच बदलतो, तिथे ओव्ह्युलेशनसाठी लेट्रोझोल आधी देतात, त्यासाठी सरळ गायनॅककडे जा.

काहीच घ्यायचं नाही असं ठरवलंत तरी तीन-तीन महिने पाळी नाही हे चालवून घेऊ नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, ते पाडायला अधूनमधून प्रोजेस्टेरॉनची गोळी द्यावी लागते. इनोसिटॉलची पावडर घेतली तर सहसा नुकसान नाही पण पुरावा तोकडा. काढे-भस्मांबद्दल एवढंच, आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर नको.

चालणं मात्र दोन्हीकडे लागतंच. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडतो, म्हणजे ७० किलोची असाल तर साडेतीन ते सात किलो. मी तळजाईला सकाळी साडेसहाला जाते, निम्मे दिवस, आणि खाली उतरल्यावर पोहे खाते हे पण सांगते.

बहिणीला हनुवटीचा त्रास आहे, शुगर टेस्ट नॉर्मल आली, अर्धशिशी नाही. शनिवारी बीपी मोजून मग गोळ्यांचं ठरवणार आहे. मावशीला कोण समजावणार ते अजून ठरलेलं नाही.