तीनशे पाकिटे आणि एक मिलिमीटर

शुभेच्छापत्रांना शोभतील अशी हातकागदाची पाकिटे घरी बसून तयार करून देण्याचे काम मी गेल्या पावसाळ्यात घेतले आणि त्यात माझे साडेतीन हजारांहून अधिक रुपये गेले. तीच जाहिरात आता निपाणी, चिकोडी भागातील महिलांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा फिरू लागली आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अटी वरवर सरळ होत्या. 3,500 रुपये अनामत भरायची, कागद आणि फर्मा काम देणाऱ्यांनी पाठवायचा, पंधरा दिवसांत 300 पाकिटे द्यायची आणि प्रत्येकी 14 रुपये मजुरी घ्यायची. कार्ड 105 गुणिले 148 मिलिमीटरचे आणि पाकीट 114 गुणिले 162 चे, म्हणजे बाजारात नेहमी चालणारेच माप होते. माल आल्यावर मात्र हिशेब जुळेना. एका पाकिटाला सुमारे 21 सेंटिमीटरचा चौकोन लागतो, म्हणून 56 गुणिले 76 सेंटिमीटरच्या तावातून सहाच पाकिटे निघतात आणि तीनशेंसाठी पन्नास ताव हवेत. त्यांनी चाळीसच पाठवले होते. उरलेले दहा ताव त्यांच्याकडूनच, दुप्पट भावाने, विकत घ्यायचे होते. मी तेव्हाच थांबायला हवे होते, पण अनामत अडकलेली असल्याने तेही पैसे भरले.

खरी मेख करारपत्रातील एका ओळीत होती: मापात एक मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळल्यास संपूर्ण माल नापास. हातकागद दमट हवेत फुगतो आणि खळ लावली की त्याला पोक येतो. आमच्याकडच्या आषाढात सकाळी मोजलेले पाकीट संध्याकाळी तेवढेच भरेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कागदाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

मी पार्सल स्पीड पोस्टाने पाठवले. तिसऱ्या दिवशी 'माल नापास' असा निरोप आला आणि सोबत वाकड्या पाकिटांची छायाचित्रे होती. माझ्या पाकिटांची झडप गोल होती, छायाचित्रातील टोकदार. पोस्टाच्या पावतीवरील क्रमांक टाकून पाहिले, तर पार्सल अजून कोल्हापूरलाच होते. मी हे कळवताच करारभंगाबद्दल 6,500 रुपये मागणारी, वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. ती रक्कम मी भरली नाही. पुढे काहीही झाले नाही.

सासूबाईंनी पंचवीस वर्षे विड्या वळल्या आहेत. मजुरी कापण्यासाठी कारखानदार 'छाट' म्हणून विड्या बाजूला काढत, हे त्या नेहमी सांगतात. माझी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी निदान विडी हातात घेऊन तरी छाट काढायचे."

1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण पैसे भरून तोवर तीन आठवडे उलटले होते आणि त्या खात्यात काही शिल्लक नव्हते. हा क्रमांक पैसे गेल्यावर लगेच, शक्यतो त्याच दिवशी लावावा. करारपत्र, पैसे भरल्याचा पुरावा आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. माझ्या तक्रारीत सर्वांत उपयोगी पडली ती पोस्टाची पावतीच.