मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आधी हे का घेतलं ते सांगते, नाहीतर पुढचं पटणार नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या मालवणच्या किनाऱ्यालगत गेलं. होडी वाचली, माणसं सुखरूप राहिली, पण माझी झोप गेली. माझे मिस्टर गिलनेटच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख आहेत. रात्री दोनच्या सुमारास ते बंदरावर जायला निघाले की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, तळहातांना घाम सुटायचा. माडाची झावळी पत्र्यावर घासली तरी पोटात गोळा यायचा. जून-जुलैत मासेमारी बंद, होडी झापांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली, तरी तेच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी नियमाने घेतल्या, अजून अर्धी घेते, आणि कोणी बायबल वाचून गोळ्या बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. मला एका बाईंनी ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं सुनावलं होतं. ते वाक्य कित्येक दिवस टोचत राहिलं.

घरात लग्नातलं बायबल होतं, पण त्याची अक्षरं मोहरीएवढी. रात्री चष्मा शोधण्यातच घाबरणं वाढायचं. मोबाईलवर वाचायला गेले की बोट आपोआप वाऱ्याच्या अंदाजाकडे जायचं, आणि मग पहाटेपर्यंत तेच बघत बसायचे. म्हणून हे मोठ्या टाईपचं मागवलं. अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं आहे. बिनचष्म्याचं, शून्याच्या बल्बखाली वाचता येतं. माझ्यासाठी याची अर्धी किंमत तिथेच वसूल झाली.

उरलेली अर्धी पानामुळे झाली. व्हॉट्सॲपवर मला रोज कोणीतरी फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ पाठवायचं, फुलांच्या चित्रावर. मला ते दटावल्यासारखं वाटायचं. चिंता काय मी हौसेने करत होते? या पुस्तकात ते पान उघडलं, तर त्या ओळीच्या अगदी आधी तीन शब्द सापडले, जे चित्रावर कधीच नसायचे: ‘प्रभू समीप आहे.’ आधी तो जवळ आहे असं सांगितलंय, मग चिंता करू नका म्हटलंय. शिवाय पत्र लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत होता, निकाल काय लागेल हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे मला दटावणारा माणूस सुखात बसलेला नव्हता. त्या रात्री मी ते पान चार वेळा वाचलं.

तसाच १ राजे, अध्याय १९. संदेष्टा एलीया जीव नको म्हणून झुडपाखाली आडवा होतो. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही. उठवून खायला घालतो, भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. हे वाचल्यापासून घाबरं झालं की मी आधी पेज पिते, मग प्रार्थनेला बसते.

स्तोत्र १०७ मात्र प्रत्येक मच्छीमाराच्या घरात वाचलं जावं. तारवातून समुद्रावर जाणाऱ्यांचं, लाटांत दारुड्यासारखे झोकांड्या खाणाऱ्यांचं आणि शेवटी त्यांना हव्या त्या बंदराला पोचवणाऱ्या देवाचं त्यात वर्णन आहे.

एकदा मी मार्क, अध्याय ४ हळू आवाजात वाचत होते. पलीकडच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, ‘मोठ्यान वाच गो, माका पण आयकूचा आसा.’ मग पहिल्यापासून वाचलं. वादळ सुटलेलं, येशू होडीच्या मागच्या भागी उशी घेऊन झोपलेला, आणि शिष्य घाबरून त्याला उठवतायत. त्यातले पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान तर धंद्याने मच्छीमार. पाणी ओळखणारी माणसंसुद्धा घाबरली, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मग तो उठून समुद्राला म्हणतो, ‘उगा राहा, शांत हो.’ सासूबाई उठूनच बसल्या. ‘उगी रव म्हणता तो! पोराक म्हणतत तसा.’ मराठी जुनी आहे, जड आहे, अशी तक्रार या भाषांतराबद्दल बरेचजण करतात, काही ठिकाणी मलाही अडखळायला होतं. पण हा ‘उगा’ शब्द बदलून कोणी ‘शांत राहा’ केलं असतं, तर आमच्या घरात ती रात्र तशी गेली नसती. आता मिस्टर निघाले की मी तेवढंच म्हणते, श्वास सोडताना.

आता वस्तूबद्दल. वजन भरपूर, आडवं पडून हातात धरता येत नाही, मी मांडीवर उशी ठेवून वाचते. कागद फार पातळ. पेनाने खूण केलीत तर मागच्या पानावर उमटते, पेन्सिलच वापरा. खुणेची फीत एकच दिलीय, दुसरी मी जाळ्याच्या नायलॉनच्या धाग्याची केली. कव्हरची चेन खाऱ्या हवेने पहिल्याच पावसाळ्यात अडकली. मिस्टरांनी मेणबत्ती घासून ती चालती केली, पण महिन्याभराने पुन्हा घासावी लागते. पावसात पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून मी ते सुती कपड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवते, आणि ऊन पडलं की पडवीत तासभर उघडून ठेवते. बुरशी अजून धरलेली नाही.

कॅथलिक वाचकांनी मागवताना बघून घ्यावं: यात ६६ पुस्तकं आहेत, आपल्या ७३ पैकी टोबीत वगैरे सात नाहीत. मला तेवढ्यासाठी लग्नातलंच उघडावं लागतं.

सासूबाईंच्या बहिणीसाठी दुसरी प्रत मागवलीय, तिचेही दोन मुलगे ट्रॉलरवर आहेत. या वेळी बिनचेनची.