बाबांचे 5 लाख 'एकदाच भरायचे' म्हणून घेतले, निघाले 10 वर्षांचे हप्ते

घरात कोणी रिटायर झालं असेल किंवा होणार असेल तर हे वाचाच. बाबा मे 2023 ला रिटायर झाले, पीएफ आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली आणि चौथ्याच दिवशी पुण्यातल्या कोथरूडच्या बँक शाखेतून फोन, काका चहाला या, तुमच्यासाठी चांगली स्कीम आहे. त्या बँकेत बाबांचं खातं 20 वर्षं, तिथला माणूस आपल्याला फसवेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने सांगितलं की 5 लाख एकदाच भरा, एफडीपेक्षा जास्त मिळेल, 80सी मध्ये (टॅक्समधली सूट) बसेल आणि शेवटी येणारे सगळे पैसे टॅक्स-फ्री. ती स्कीम म्हणजे विमा पॉलिसी होती, बाबांनी सह्या केल्या. व्हेरिफिकेशनचा कॉल येईल, सगळ्याला फक्त हो म्हणा नाहीतर फॉर्म परत जातो, असं पढवूनही ठेवलं होतं, आणि बाबा हो म्हणत गेले.

जून 2024 ला मेसेज आला, दुसरा हप्ता 5 लाख भरा. बाबांनी दोन दिवस आम्हाला सांगितलंच नाही, जेवणही नीट नाही, आईने विचारलं तेव्हा कुठे बोलले. मी पॉलिसीचे कागद मागवले तर हप्ते 10 वर्षं भरायचे, म्हणजे 50 लाख! पेन्शन महिना 32 हजार. फॉर्मवर व्यवसाय 'बिझनेस', उत्पन्न 12 लाख, आणि ईमेल आयडी आमच्यापैकी कोणाचाच नाही, त्यामुळे पॉलिसी परत करायला जे 30 दिवस मिळतात (फ्री लूक म्हणतात) ते आम्हाला कळायच्या आत संपले. दुसरा हप्ता नाही भरला तर पहिला पण बुडणार, असं पॉलिसीतच लिहिलेलं.

टॅक्सचं तर ऐका. विमा रक्कम होती 35 लाख, हप्त्याच्या 7 पट. एप्रिल 2012 नंतरच्या पॉलिसीत हप्ता विमा रकमेच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मॅच्युरिटीची रक्कम टॅक्स-फ्री राहत नाही, म्हणजे जे सांगून विकलं तेच खोटं. 80सी ची सूट पण वर्षाला दीड लाखापर्यंतच आणि तीही जुन्या रेजिममध्ये (टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीत). आणि बाबांचं उत्पन्न पेन्शन आणि थोडं व्याज, नवीन रेजिममध्ये 7 लाखांपर्यंत टॅक्स शून्यच होता, वाचवायला टॅक्सच नव्हता हो! तेच 5 लाख पोस्टात सीनिअर सिटिझन स्कीममध्ये टाकले असते तर 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्याला 10,250 रुपये हातात आले असते, त्यात आईची औषधं निघतात.

आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं की कॉलवर ग्राहकाने मान्य केलंय. मग नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालाचं (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) ऑफिस आहे तिथे अर्ज दिला, फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की जाता येतं, फक्त एका वर्षाच्या आत जा. आम्ही पेन्शनची ऑर्डर, पासबुक आणि फॉर्मची कॉपी लावली, कारण 12 लाखांचं उत्पन्न खोटं आहे हे तिथे कागदावर दिसतं. सुनावणीत बाबांनी एवढंच सांगितलं की मी आयुष्यभर नोकरी केली, माझा कसला बिझनेस.

मूळ 5 लाख परत आले, व्याज नाही. सगळ्यात पोळलं ते वेगळंच, बाबा अजून आईला म्हणतात की माझीच चूक झाली. त्यांची चूक नाहीये, मी दर वेळी सांगतो.

तुमच्याकडे अशी पॉलिसी असेल तर आज कागद काढा आणि 'प्रीमियम पेइंग टर्म' (हप्ते किती वर्षं भरायचे) च्या पुढे किती वर्षं लिहिलीयेत ते बघा, मग त्यावरचा मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का ते बघा. नवीन असेल आणि 30 दिवस व्हायचे असतील तर आजच लेखी कळवून पोच घ्या, शाखेतला माणूस 'बघतो' म्हणाला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचा तक्रारीचा नंबर 155255 आहे.