चंद्रतालच्या काठावरचा तंबू : पैसे भरण्याआधी हे वाचा

हिमाचलमधल्या स्पीतीतल्या चंद्रताल या तलावाच्या काठावर तंबू देतो असं कुणी सांगितलं, तर पुढचं बोलूच नका. काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. हा तलाव २००५पासून ‘रामसर’ या महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे आणि सगळे कॅम्प तलावाच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे एका माळावर आहेत. तिथून पुढे थोडं अंतर गाडी जाते, उरलेलं चालत. ज्याने आमचे पैसे घेतले त्याच्या जाहिरातीत मात्र निळ्याशार पाण्याला खेटून पांढरे तंबू होते. तो फोटो लडाखमधल्या पँगाँगचा होता. इमेज सर्च केलं की लगेच कळतं, पण आवडलेल्या फोटोवर संशय घेऊन तो शोधायला कोण बसतं?

आम्ही नाशिकहून स्वतःच्या गाडीने निघणार होतो. मी, बायको, साडू, मेव्हणी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. मे महिन्यात सोशल मीडियावर हा माणूस सापडला. बोलणं अतिशय गोड, हिंदी स्वच्छ, प्रत्येक वाक्याला ‘सर जी’. रस्त्याची माहिती तर चोख. अटल बोगदा, कोकसर, ग्राम्फू, छत्रू, बातल, सगळं क्रमाने सांगायचा. दुपारनंतर बर्फ वितळून नाले चढतात, म्हणून ओढे सकाळीच ओलांडा, हेही त्यानेच सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. त्यामुळे तो तिथलाच असणार असं कुणालाही वाटलं असतं. आता कळतंय, ही माहिती कुणीही यूट्यूबवर तासाभरात गोळा करू शकतो.

सौदा असा ठरला : दोन तंबू, दोन रात्री, जेवण-नाश्ता धरून अठरा हजार, शिवाय ‘इनर लाइन परमिट’चे, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायच्या परवान्याचे, माणशी सहाशे. एकूण एकवीस हजार. भारतीय नागरिकाला चंद्रतालसाठी असं परमिट लागतच नाही. परवाना लागतो तो रोहतांग खिंडीवरून गाडी न्यायची असेल तर, आणि तो सरकारी संकेतस्थळावरून आपला आपल्याला काढता येतो. बोगद्यातून गेलं तर त्याचीही गरज नाही. हे तीन हजार म्हणजे निव्वळ वरकमाई.

खरी चलाखी त्याच्या पुढच्या वाक्यात होती. ‘सर जी, ऊपर नेटवर्क नहीं है. कार्ड, यूपीआय कुछ नहीं चलता. इसलिए पूरा पेमेंट पहले.’ यातला पहिला भाग खरा आहे. आमच्या कुणाच्याच फोनला तिथे रेंज नव्हती. त्यातून निघणारा व्यवहारी अर्थ मात्र त्याने उलटा लावला. रेंज नाही म्हणून तिथले खरे कॅम्पवाले थोडी आगाऊ रक्कम घेतात आणि बाकी रोख, पोचल्यावर. निदान आम्हाला जे भेटले त्यांची तरी तीच पद्धत होती.

व्हाउचर आलं ते बघण्यासारखं. लोगो, अटी, जीएसटी क्रमांक, सगळं जागच्या जागी. अशा क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. हिमाचलचा ०२, महाराष्ट्राचा २७. आमच्या व्हाउचरवर ०७ होता, म्हणजे दिल्ली. एजंट दिल्लीचा असू शकतो, त्यात काही वावगं नाही. पण जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकल्यावर नाव आलं एका विजेच्या सामानाच्या दुकानाचं. त्या बिचाऱ्या दुकानदाराला पत्ताही नसेल. हे शोधायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. आम्हाला ते परत आल्यावर साडूंच्या सीएने दाखवलं.

व्हाउचरवर आणखी एक ओळ होती : चेक-इन संध्याकाळी सहानंतर. नाले सकाळी ओलांडा म्हणणारा माणूस संध्याकाळीच पोचायला सांगतो, याचा अर्थ वर पोचल्यावर उलगडला.

ग्राम्फूनंतर रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे. बातलचा पूल ओलांडून चंद्रतालच्या फाट्याला वळलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे, हे कॅम्प सव्वाचार हजारांच्या आसपास. एका दिवसात एवढं चढल्यामुळे साडूंच्या मुलाचं डोकं फुटायची वेळ आली होती, दोनदा उलटीही झाली. (ज्यांना वेळ आहे त्यांनी किन्नौरवरून स्पीतीतल्या काझाला जावं, तिथे थांबावं आणि मग कुंझुम खिंड उतरून इकडे यावं. त्या वाटेने शरीर हळूहळू सरावतं. एजंटने हा मार्ग ‘लंबा है, बोरिंग है’ म्हणून उडवून लावला होता.)

व्हाउचरवर जे नाव होतं त्या नावाचा कॅम्प खरोखरच तिथे होता. मालकाने कागद हातात घेतला, पूर्ण वाचलासुद्धा नाही. ‘साहब, ये हमारी बुकिंग नहीं है.’ वही उघडून दाखवली. आमचं नाव नाही, एजंटचं नाव नाही. या मोसमात असे कागद घेऊन आलेले आम्ही पहिले नव्हतो. त्याच्या कॅम्पचं नाव आणि फोटो वापरून कुणी तरी खाली बसून दुकान चालवतोय, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तो वैतागलेला होता, कारण शिव्या त्यालाच खाव्या लागतात. एका कुटुंबाला तर जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखा विकल्या होत्या, म्हणाला, तेव्हा तंबूचा खांबही रोवलेला नव्हता.

एजंटला फोन करायचा तर रेंज नाही. मागे फिरायचं तर अंधार, चढलेले नाले आणि गाडीत आजारी पोरगा. सहानंतरचं चेक-इन होतं ते यासाठीच. २०२३च्या जुलैमध्ये बर्फ पडून जवळजवळ तीनशे पर्यटक इथेच अडकले होते, मोठी मोहीम काढून त्यांना बाहेर काढावं लागलं. अशा जागी पलंग नसणं म्हणजे नुसती गैरसोय नसते. मालक भला निघाला. माणशी दीड हजारात राहणं, जेवण आणि नाश्ता दिला, मुलाला गरम सूप दिलं आणि रात्रभर लक्ष ठेवलं. साडेसात हजार रोख मोजले. खिशातली नोट तिथेच संपत आली, म्हणून दुसरी रात्र रद्द. एटीएमसाठी थेट मनाली.

आता पैसे परत का मिळाले नाहीत ते सांगतो. ऑनलाइन फसवणूक झाली की १९३० या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात गोठवता येतात. आमचे पैसे गेले मेमध्ये आणि कळलं जुलैमध्ये. तोवर ते किती खात्यांतून फिरले कोण जाणे. ज्या खात्यात टाकले ते भाड्याने घेतलेलं, भलत्याच राज्यातल्या एका तरुणाच्या नावाचं. सायबर पोलिसांनी तक्रार घेतली, पण आशा दाखवली नाही.

त्यावर कडी म्हणजे परतल्यावर त्याच टोळीतल्या दुसऱ्याचा फोन आला. ‘रिफंड डिपार्टमेंट’. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, एकवीस हजार जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. बायकोने फोन हातातून घेतला आणि अस्सल नाशिकी भाषेत त्याला जे सुनावलं ते इथे छापण्याजोगं नाही.

तक्रार करणाऱ्यांसाठी एक. त्याने चॅटला सात दिवसांत मेसेज आपोआप पुसणारी सेटिंग लावली होती, त्यामुळे मेमधलं सगळं बोलणं गायब झालं होतं. व्हाउचर आणि ठरलेल्या दराचा मेसेज मी तेव्हाच साडूंना फॉरवर्ड केला होता, तेवढा पुरावा उरला. सरकारच्या cybercrime या तक्रार पोर्टलच्या ऐवजी पोलीस ठाण्यात गेलात तरी बँक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, सोबत न्या, पहिला प्रश्न तोच विचारतात.