गोल गॅलरीचं रेलिंग अन् वरचं छत : एका बिनपाटीच्या फॅब्रिकेशनवाल्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून देतो, या दुकानाला पाटी नाही. अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्यांच्या फ्रेमी इथूनच बनून गेल्या पण याच्या स्वतःच्या शटरवर नुसता ऑइल पेंटनं लिहिलेला मोबाईल नंबर, त्यातलेही दोन आकडे उडालेले. बाजार समितीच्या पुढे, जिनिंगच्या भिंतीला लागून टिनाचं शेड आहे, बाहेर बंडीचे आख अन् मोडके वखर पडलेले दिसतात, तेच. यवतमाळ जिल्ह्यातले आमच्या बाजूचे लोक ओळखतील. बाकीच्यांना दुकान कामाचं नाही पण माप कसं घेतलं ते कामाचं आहे, म्हणून जरा लांबवर लिहितो.

काम असं होतं. आमचं घर एल आकाराचं, वरच्या मजल्यावर एलच्या आतल्या कोपऱ्यात पाव गोल गॅलरी काढली आहे, कोपऱ्यापासून कडेपर्यंत ७ फूट. दोन बाजूंनी भिंती अन् बाहेरची कड गोल. दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाच्या धड्यात वर्तुळपाकळी शिकवतात ना, तीच, फक्त सिमेंटमध्ये. गोल कडेला रेलिंग पाहिजे होतं अन् वर पत्र्याचं छत, कारण मे महिन्यात इकडे पारा ४५ ला टेकतो अन् उघड्या गॅलरीत पाय ठेवायची सोय नसते.

याच्या आधी दुसऱ्या एका दुकानात विचारलं होतं (नाव घेत नाही, कशाला उगाच). त्यानं वर येऊन टेप लावला, एका भिंतीला ७, दुसरीला ७, अन् वहीत लिहिलं रेलिंग १४ फूट. म्हटलं भाऊ रेलिंग तं गोल कडेला आहे, भिंतीला नाही. तर म्हणे गोल कामाला चौकोनाचंच माप धरतात, सगळीकडे असंच चालते. अन् छताच्या फ्रेमचं माप? छत अर्धा फूट बाहेर काढायचं होतं, म्हणून साडेसात चोक तीस. गोल कामाचा रेट वरून वेगळा, सरळपेक्षा जास्त. म्हणजे माप चौकोनाचं अन् रेट गोलाचा! पाईप वाया जाते हे मान्य, पण मग वायाचे वेगळे लावा ना, फूट कशाला फुगवता. तिथून निघालो.

या बिनपाटीवाल्या मिस्त्रीनं टेप काढायच्या आधी विचारलं, "भाऊ, पाईप कुठं कुठं लावाचा हाय ते सांगा. भिंतीले रेलिंग लावता का?" म्हटलं नाही. "मंग फक्त गोल धरू. अन् छताले?" छताची फ्रेम तर चहूकडून बंद पाहिजे, गोल कड बी अन् भिंतीला टेकणाऱ्या दोन्ही बाजू बी. "मंग त्याचं माप वेगळं." एवढ्या दोन वाक्यांत माझं अर्धं मत बनून गेलं. रेलिंगला नुसता कंस म्हणजे गोल कड लागते, छताला पाकळीची पूर्ण परिमिती लागते, म्हणजे कंस अधिक दोन त्रिज्या. परीक्षेत निम्मी पोरं कंस काढून थांबतात अन् दोन त्रिज्या मिळवायच्या विसरतात, हे पुतणी सांगत होती.

पुतणी दहावीला आहे, तिनं तोंडीच सांगून टाकलं, ९० अंश म्हणजे पाव वर्तुळ, ७ फुटाच्या गोलाचा पूर्ण परीघ २ गुणिले २२/७ गुणिले ७, झाले ४४, त्याचा पाव ११, लिहा काका ११ फूट. मिस्त्री म्हणे, "थांब वो ताई, कोपरा गुण्यात हाय का पाहू दे." मग त्यानं एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटाला खूण केली, दुसरीवर ४ फुटाला, अन् दोन खुणांमधलं अंतर मोजलं. काटकोन असेल तर बरोबर ५ फूट यायला पाहिजे, हे सगळ्या गवंड्यांना माहीत असते. आलं ५ फूट १ इंच. आमचा गवंडी सिमेंट कमी टाकतो हे माहीत होतं, कोपरा बी उघडा ठेवतो हे त्या दिवशी कळलं.

आता एक इंचानं काय होते असं मला वाटलं होतं. पुतणीनं मोबाईलवर कोन काढला, ९२ अंश आला. मग ९२ भागिले ३६० गुणिले ४४, म्हणजे ११.२४ फूट, बोलीभाषेत अकरा फूट तीन इंच. ७ फूट त्रिज्येवर एक अंश हुकला की कंसात दीड इंच फरक पडतो, दोन अंशाला तीन इंच. ११ फूट कापून आणलं असतं तर एका टोकाला भिंत अन् रेलिंगच्या मधात तीन इंचाची फट, तिथं मग पट्टीचा तुकडा टोचून वरून रंग फासला असता अन् आम्ही जन्मभर तेच पाहत बसलो असतो. पहिल्यावाल्यानं गुण्या पाहिलाच नव्हता हे इथं लक्षात घ्या.

तर माप ठरलं. पण दुकानात पाईप कापताना पाहतो तं मिस्त्रीनं आणखी सव्वा इंच कमी घेतला. पुतणी सोबत होती, तिला राहवलं नाही, म्हणे काका हिशोब चुकून राहिला. तो म्हणे हिशोब तुझा बरोबर पण ७ फूट कोणाचं? पाईपच्या बाहेरच्या अंगाचं. पाईप दीड इंच जाडीचा, वाकवताना त्याचं बाहेरचं अंग ताणते, आतलं दबते, मधली रेघ जेवढ्याला तेवढी राहते, म्हणून त्रिज्या मधल्या रेघेची घ्यायची, ७ फुटातून पाऊण इंच वजा. ८३ पूर्णांक १ चतुर्थांश इंच त्रिज्या धरून पुन्हा गणित केलं तर खरंच सव्वा इंच कमी आला. सूत्र तेच, त्रिज्या कोणती घ्यायची एवढाच खेळ. पुस्तकातल्या रेघेला जाडी नसते ना.

२२/७ घ्यायचं का ३.१४ यावर बी तिथं उभ्या उभ्या चर्चा झाली. करून पाहिलं, अकरा फुटाच्या कंसात दोघांमध्ये जेमतेम एका सुताचा म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याचा फरक, अन् एक सूत तं ग्राइंडरच खाऊन टाकते. मिस्त्री पाय (π) वगैरे म्हणत नाही, व्यासाच्या तीनपट अन् वर सातवा हिस्सा म्हणते, म्हणजे तेच २२/७. पुतणीनं मग आर्यभटानं २०००० व्यासाला ६२८३२ परीघ सांगितला होता म्हणजे ३.१४१६, हे बी ऐकवलं. मिस्त्री म्हणे त्यायच्या टायमाले ग्राइंडर नसन.

वाकवायचं काम पाहण्यासारखं आहे, टाइम असेल तर थांबून पाहा. शेडच्या फरशीवर खिळा ठोकला, त्याला तार बांधली (सुतळी नाही, सुतळी ताणते), टोकाला खडू धरून ७ फुटाचा कंस काढला. मग तीन रोलरच्या मशीनमध्ये पाईप पुढेमागे, पुढेमागे, दर खेपेला मधला रोलर थोडासा दाबायचा अन् पाईप आणून खडूच्या रेघेवर ठेवून पाहायचा. एकदम दाबला की पाईप चपटा होते. पाईपच्या जोडाची जी लांब रेघ असते ती बाहेरच्या अंगाला येऊ देत नाही, वर नाहीतर खाली ठेवतो, ताणाच्या जागेवर जोड नको म्हणून. अन् दोन्ही टोकांना वीत दीड वीत पाईप सरळच राहून जातो, रोलर तिथपर्यंत पकडत नाही, तेवढा कापून टाकावा लागते.

इथं पैशाचा मुद्दा येतो. पाईप २० फुटाचा मिळतो. रेलिंगला तीन आडव्या ओळी, प्रत्येक सव्वाअकरा फूट. प्रत्येक ओळीला अखंड पाईप म्हटलं तर तीन पाईप, प्रत्येकातून आठेक फूट उरणार. मिस्त्रीनं दोन पाईपमध्येच बसवलं, दोन पाईपमधून दोन अखंड ओळी अन् दोन उरलेले तुकडे जोडून तिसरी, जोड उभ्या खांबाच्या मागे. सरळ राहिलेली टोकं भिंतीजवळच्या टेकूला वापरली. आता कोणी म्हणेल जोड म्हणजे जोडच. बरोबर आहे, पण सगळ्यात खालच्या ओळीला आहे अन् त्यानं लावायच्या आधी विचारलं होतं, ग्राइंडिंग बी साफ केलं, बोट फिरवलं तरी समजत नाही.

उभे गज १२ एमएमचे, अडीच फुटाचे. लहान लेकरू डोकं घालेल म्हणून मधातलं अंतर ४ इंचाच्या वर नको असं बायकोनं बजावलं होतं. सव्वाअकरा फूट म्हणजे १३५ इंच, ३४ भाग पाडले, ३३ गज बसले. खुणा त्यानं कंसावरूनच टेप वाकवून मारल्या. सरळ टेप ताणून मारल्या असत्या तर जीवेचं म्हणजे टोकापासून टोकापर्यंतच्या सरळ रेघेचं माप आलं असतं अन् शेवटी हिशोब बिघडला असता. लोखंडाचं वजन मी घरी काढून गेलो होतो, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो, १४४ भागिले १६२ झाले ०.८८९, अन् सगळे गज मिळून सव्वापंचवीस मीटरच्या आत, म्हणजे २२ किलो अन् वर थोडं. काट्यावर तेवढंच भरलं. या माणसाच्या काट्यावर माझा भरवसा आहे, इकडे असं फार कमी जणांबद्दल म्हणता येते.

आता तक्रारी. छताच्या कामाला मिस्त्री स्वतः आला नाही, हाताखालचा पोरगा पाठवला. पोरगा चांगला आहे पण गडबड्या. छत रेलिंगच्या बाहेर अर्धा फूट काढायचं ठरलं होतं म्हणजे त्रिज्या साडेसात, कंस १२ फूट (अर्ध्या फुटानं कंस साडेनऊ इंच वाढते, सहा नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही). त्यानं वाकवलेला १२ फुटाचा पाईप तेवढा ऑटोत टाकून आणला अन् भिंतीच्या बाजूचे दोन साडेसात साडेसात फुटाचे सरळ पाईप दुकानातच! १२ अधिक १५, सत्तावीस फुटाच्या फ्रेमचा अर्धा भाग बी आला नाही. म्हटलं बाबू दोन त्रिज्या कुठाय? तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग ऑटो परत, दुसऱ्या दिवशी लाईन नाही, तिसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस, असं करत आठवडा गेला अन् मधातच अवकाळी पाऊस येऊन गॅलरीत पाणी साचलं. ऑटोचं दुसरं भाडं मिस्त्रीनं स्वतः दिलं हे खरं, पण फोन उचलत नव्हता हे बी तेवढंच खरं.

रंगकाम कमजोर. रेडऑक्साईडचा एकच हात मारला, तोही घाईत, वेल्डिंगच्या जागी खालून मारलाच नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिथं गंज दिसायला लागला. रंग आपण आपल्या माणसाकडून करून घ्यावा, यांना फक्त लोखंड द्यावं. पक्कं बिल मागितलं तं वहीचं पान फाडून दिलं.

शेजारच्यांनी बी आमचं पाहून याच्याकडेच फाटकावरची कमान टाकली. १० फुटाचं फाटक, त्यांना हाफ राउंड पाहिजे होती. मिस्त्रीनं सांगितलं हाफ राउंडला कमान ५ फूट वर जाते, पाईप पावणेसोळा फूट, खालचा आडवा १० फुटाचा धरला तर पावणेसव्वीस. त्याऐवजी २ फूट उंचीची चपटी कमान घ्या, पाईप ११ फूटच लागते अन् आडवा धरून २१. चपट्या कमानीची त्रिज्या त्यानं अशी काढली: अर्ध्या रुंदीचा वर्ग २५, उंचीचा वर्ग ४, बेरीज २९, भागिले उंचीच्या दुप्पट म्हणजे ४, आले सव्वासात फूट. कमी पाईप विकून स्वतःचं गिऱ्हाईक बिघडवणारा दुकानदार म्हणजे याच्यावाणी हाच. शेजाऱ्यांनी तरी हाफ राउंडच केली, भाचीच्या लग्नात मांडवाला शोभेल म्हणून. कडब्याची बंडी आता खालून आरामात जाते, तेवढा एक फायदा.

रेट लिहीत नाही कारण लोखंडाचा भाव खालीवर होऊन राहिला, पण सरळपेक्षा गोल कामाला फुटामागे जास्त घेतो अन् ते आधीच सांगतो. रेलिंगचे पैसे सव्वाअकरा फुटाचे लावले, छताचे सत्तावीसचे, पहिल्यावाल्याच्या १४ अन् ३० च्या पुढे हिशोब तुम्हीच लावा. मापाला पाचपैकी पाच, वेल्डिंगला साडेचार, रंगाला दीड, टायमाला एक. जाल तं सकाळी ९ च्या आत जा, नंतर लाईनचा भरोसा नाही. शुक्रवारी बाजार असते, बंद राहते. अन् हाताखालच्या पोराला सामान आणायला पाठवलं तर फोनवर त्याच्याकडून एकेक पाईप मोजून घ्या, गोल किती अन् सरळ किती, मगच ऑटो निघू द्या.