मागे आणलेला बंड्या: डिजिमॉन सायबर स्लूथ सात महिने खेळल्यावर

आधीच सांगते, हा अख्ख्या गेमचा रिव्ह्यू नाहीये. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय, मॉन्स्टर मोठा झाल्यावर त्याला परत लहान करता येणं, कारण सात महिने मी जवळजवळ तेवढंच करतेय. गेम म्हणजे डिजिमॉन स्टोरी सायबर स्लूथ, निन्टेंडो स्विचवरची कम्प्लीट एडिशन, २०१९ ची, म्हणजे जुनीच म्हणा, त्यात सायबर स्लूथ आणि हॅकर्स मेमरी असे दोन्ही गेम येतात. १४० तासांच्या वर झालेत. त्यातले निम्मे तरी ठाणे-वाशी लोकलमध्ये गेले असतील, गाडी ठाण्यालाच सुटते त्यामुळे जरा लवकर गेलं की बसायला मिळतं आणि वाशीपर्यंतचा अर्धा तास आपला.

घ्यायचं कारण माझा भाचा. ताई कोपरखैरणेला राहते, तिचा मुलगा चौथीत आहे, पोकेमॉनचं प्रचंड वेड. मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे होता आणि त्याच्या ईव्ही नावाच्या लहान पोकेमॉनला तो तीन आठवडे जपत होता कारण त्याला तिचं मोठं रूप, अंब्रिऑन, हवं होतं. ईव्हीचं तुमच्याशी चांगलं जमलं की दिवसा लेव्हल वाढली तर एस्पिऑन होते आणि रात्री वाढली तर अंब्रिऑन, हे त्याला पाठ होतं, पण भर दुपारी खेळायच्या नादात राहून गेलं आणि झाली एस्पिऑन. बी बटण दाबून थांबवता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. सेव्ह पण होऊन गेलेलं. रडला नाही तो, नुसता गप्प झाला, आणि रात्री जेवताना विचारलं, "मावशी, हिला परत ईव्ही कसं करायचं?" मला सांगावं लागलं की नाही करता येत.

पोकेमॉनमध्ये ही वाट पहिल्यापासून एकतर्फीच आहे. वाढू नये म्हणून सोयी आहेत, म्हणजे एव्हरस्टोन आहे, तो १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरपासून, हातात दिला की पोकेमॉन तसाच राहतो. नंतर ब्लॅक-व्हाइटमध्ये एव्हिओलाइट आला, जो अजून वाढायचा बाकी आहे त्याला दिला की डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दोन्ही दीडपट, म्हणून लोक चॅन्सीला मुद्दाम चॅन्सीच ठेवतात. पण हे सगळं आधीचं झालं, एकदा वाढल्यावर काय? एस्पिऑनला डिट्टो नावाच्या दुसऱ्या पोकेमॉनबरोबर ठेवलं की मिळणाऱ्या अंड्यातून ईव्ही निघते, ती आम्ही काढली पण. भाच्याने नव्या ईव्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "ही ती नाहीये." बरोबरच होतं त्याचं. आपल्याला लहान ईव्ही नको असते हो, आपली ईव्ही लहान हवी असते.

गंमत म्हणजे पोकेमॉनच्या पत्त्यांमध्ये मागे जाणं अगदी पहिल्या बेस सेटपासून आहे, डिव्होल्युशन स्प्रे नावाचं कार्ड होतं, आपल्याच पोकेमॉनवर वापरायचं. २०२३ मध्ये आलेलं एक डिव्होल्युशनचं टेक्निकल मशीन तर समोरच्याच्या पोकेमॉनवर चालतं, वरचं कार्ड त्याच्या हातात परत जातं पण झालेलं डॅमेज तसंच राहतं, आणि लहान रूपाचा एचपी, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, कमी असल्यामुळे तो तिथल्या तिथे गारद होऊ शकतो. म्हणजे मागे पाठवणं हेच तिथे हत्यार.

डिजिमॉनचं वेगळं आहे कारण त्यांच्यात परत लहान होणं मुळातच आहे, कार्टूनमध्ये सुद्धा लढाई झाली की थकून परत लहान होतात. सायबर स्लूथमध्ये ते असं चालतं. गेममधल्या डिजिलॅब नावाच्या जागी जायचं, तिथे मिरेई नावाचं पात्र असतं, आणि तिथे डिजिमॉनला वरच्या रूपात नेता येतं किंवा खालच्या रूपात आणता येतं. दोन्हीकडे लेव्हल परत १. म्हणजे ४० लेव्हलपर्यंत आणलेला डिजिमॉन खाली आणला की १ पासून सुरू. पण एबीआय नावाचा एक आकडा असतो तो प्रत्येक वेळी वाढतो, जितक्या वरच्या लेव्हलवरून खाली आणाल तितका जास्त वाढतो, आणि तो कधीच पुसला जात नाही. एबीआय वाढला की लेव्हलची कमाल मर्यादा वाढते, फार्मवर ट्रेनिंग देऊन किती ताकद घालता येईल ते वाढतं, आणि वरची काही रूपं तर ठराविक एबीआय असल्याशिवाय उघडतच नाहीत. शिवाय वरच्या रूपात शिकलेल्या ज्या स्किल वारशाने पुढे जातात त्या लहान झाल्यावरही त्याच्याकडेच राहतात. आणि ज्या वाटेने वर गेला त्याच वाटेने खाली यायची सक्ती नाही, खाली जोडलेल्या दुसऱ्या रूपातही उतरता येतं आणि तिथून भलतीकडेच वर जाता येतं, त्यामुळे ते झाड नाही, जाळं आहे जाळं.

पहिला महिना मला हे पटलंच नव्हतं. सुरुवातीला टेरियरमॉन, पामॉन आणि हागुरुमॉन यातला एक निवडायचा असतो, मी टेरियरमॉन घेतला, आमच्या घरात त्याचं नाव बंड्या. त्याचा गार्गोमॉन केला, मग बऱ्याच कष्टाने रॅपिडमॉन, आणि मग लक्षात आलं की त्याची लेव्हल एका ठिकाणी अडकलीये आणि पुढे काही होतच नाहीये. मिरेईसमोर उभी राहून मी दोन दिवस ठरवत होते. म्हणजे तुर्भे आलं, सानपाडा आलं, आणि मी अजून त्याच मेनूवर. शेवटी आणला खाली. एवढासा टेरियरमॉन, लेव्हल १, पण स्किल उघडून बघितल्या तर मोठेपणी शिकलेल्या वारशाच्या सगळ्या तिथे, आणि पहिल्याच लढाईत त्याने रॅपिडमॉन असताना शिकलेलं वापरलं. तेव्हा मला कळलं की हे अनडू नाहीये. अनडू म्हणजे झालेलं झालंच नाही असं करणं. इथे झालेलं सगळं त्याच्यात आहे, फक्त शरीर लहान झालंय.

आणि माझ्या मते अशा गेममध्ये मागे जायची सोय द्यायची तर अशीच द्यायला हवी, काहीतरी जायला पाहिजे आणि काहीतरी राहायला पाहिजे. काहीच गेलं नाही तर मोठं करतानाचा जीव धडधडणं संपतं, आज हे उद्या ते, कपडे बदलल्यासारखं. आणि काहीच राहिलं नाही तर कोण कशाला मागे जाईल.

आता जे आवडलं नाही ते पण सांगते. प्लॅटिनमसुकामॉनपासून पुढे होणारा प्लॅटिनमन्यूमेमॉन, तसे तीन पार्टीत, म्हणजे आपल्या टीममध्ये, घेतले आणि त्यांना टॅक्टिशियन यूएसबी नावाच्या वस्तू लावल्या की एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे पॉइंट, इतका मिळतो की एका लढाईत लेव्हल धडाधड चढते. गेम नीट खेळणारे सगळे हेच करतात, मी पण केलं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तर रोज. वर ने, लढ, खाली आण, वर ने, लढ, खाली आण. एबीआय भराभर वाढला पण कोण कुठून कुठे गेला ते मला आठवेना, नुसते आकडे. लेव्हल १ ला परत येणं ही किंमत आहे ना, ती दोन मिनिटांत भरून निघायला लागली की मागे येण्याला वजनच उरत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर मी नियम केला, बाकीच्यांना काय करायचं ते करा, बंड्याला त्या तिघांबरोबर पाठवायचं नाही. तो हळूच वाढतो, पण त्याचा प्रत्येक फेरा मला आठवतो.

दुसरी तक्रार, दरवेळी डिजिलॅबमध्येच जावं लागतं, स्टोरीच्या मध्ये असताना ते फार खटकतं. तिसरी छोटी आहे पण मला लागते, डिजिमॉन आधी कोणकोण होता याची नोंद त्याच्या पानावर मला तरी कुठे सापडली नाही. एवढं सगळं वर-खाली करायला लावता तर एक ओळ तरी ठेवायची होती. भाच्याने वहीत लिहून ठेवलंय बंड्याचं.

त्याच वहीत अजून एक पान आहे. ऑगस्टमध्ये आम्ही येऊरला गेलो होतो तेव्हा डबक्यात बेडकाची पिल्लं बघितली, शेपटीवाली, आणि त्याने लगेच विचारलं की बेडूक परत असा होऊ शकतो का. बेडूक नाही होत, पण मी त्याला ट्युरिटॉप्सिस डोहर्नाय सांगितला, तो छोटासा जेलीफिश, जखम झाली किंवा उपासमार झाली की मोठा झालेला जेलीफिश परत आपल्या आधीच्या अवस्थेत जातो, तळाला चिकटून राहणाऱ्या पॉलिपमध्ये, आणि तिथून पुन्हा वाढतो. गेमवाले ज्याला उत्क्रांती म्हणतात ती खरं तर एकाच जिवाच्या आयुष्यातली रूपांतरं आहेत, उत्क्रांती पिढ्यानपिढ्यांची असते, हे पण सांगून घेतलं त्यानिमित्ताने. त्याला जेलीफिशचं इतकं पटलं की वहीत चित्र काढून खाली लिहिलं, "हा खरा डिजिमॉन".

कोणी घ्यावा? सेलमध्ये मिळाला तर नक्की घ्या, विशेषतः घरात असं मूल असेल ज्याचा एखादा पोकेमॉन चुकून वाढलाय. पण स्टोरीत वाचायला भरपूर आहे आणि सगळं इंग्रजीत, लहान मुलाशेजारी बसून वाचून दाखवायची तयारी हवी. सुरुवातीचे १५-२० तास पार्टी मेमरी कमी असते, मोठी रूपं जास्त मेमरी खातात, तेव्हा खाली आणायला अजिबात घाबरू नका, दोन लहान ठेवलेले एका मोठ्यापेक्षा कामाला येतात.

संक्रांतीला ताईकडे गेले होते. बंड्या चौथ्यांदा वर जाऊन खाली आलेला, टेरियरमॉन, आणि यावेळी मेगागार्गोमॉनपर्यंत जायला लागेल तेवढा एबीआय झालाय. मी भाच्याला म्हटलं, चल, आता याला मोठा करायला सुरुवात करू, तूच बटण दाब. त्याने स्विच हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आज नको ना मावशी, आज असाच फिरवूया." मग तिळगूळ खात खात आम्ही गेममधल्या कॉवलूनमध्ये तासभर नुसते फिरलो, बंड्या लांब कान घेऊन आमच्या मागे मागे.