मेणाचं कुंकू: नऊ महिने रोज लावल्यानंतर

संक्रांतीला सुरुवात केली होती, आता कोजागिरी झाली, म्हणजे नऊ महिने रोज मेणाचं कुंकू लावतेय, आधी कपाळाला मेण टेकवायचं आणि त्यावर कुंकवाची पूड, टिकली एकदाही नाही. ऑफिसमध्ये, लग्नात, भाजी घेताना इतक्या जणींनी विचारलं की हे कसं लावतेस, टिकतं का, त्रास होत नाही का, की म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकावं.

हौस म्हणून सुरू केलं नव्हतं हे आधी सांगते. मी कॉलेजपासून मखमलीची टिकली लावायची, मरून, एकाच मापाची, तीसेक वर्षं झाली असतील. रात्री काढून बाथरूमच्या आरशाला चिकटवायची, सकाळी तीच परत कपाळाला. गेल्या वर्षी नवरात्रात टिकलीखाली खाज यायला लागली, मी दुर्लक्ष केलं, दिवाळीच्या आधी चेहरा धुताना बघितलं तर टिकलीच्या जागी मसुराच्या डाळीएवढा फिकट डाग. आधी वाटलं टिकलीमुळे तिथे ऊन लागत नाही म्हणून गोरं दिसत असेल. पण चार दिवसांनी कडा अजून स्पष्ट दिसायला लागल्या, मग घाबरले आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली, दोन दिवस अंघोळीला पाठ ओली करायची नाही, मग पट्ट्या काढून बघायचं आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. माझीच टिकली पण कापून लावली होती, तिथे लाल झालं. टिकलीच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, चप्पल-बुटांच्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांच्या गोंदातही असतं, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारतं, म्हणून बरोबर टिकलीच्या मापाचा पांढरा डाग पडतो. डॉक्टर म्हणाल्या की भारतात हे त्यांच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, बायका उशिरा येतात एवढंच. तर खाज येत असेल तर प्लीज थांबू नका, माझ्या बाबतीत खाज ही पहिली पायरी होती, डाग नंतर आला.

अडीच महिने कपाळाला काहीही लावायचं नाही असं सांगितलं, रात्री मलम आणि दिवसा सनस्क्रीन. कपाळ मोकळं ठेवून इंदूरमध्ये फिरणं सोपं नाही हो. राजेंद्रनगरला आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी, निम्मी माळव्याची, दोन्हीकडच्या बायका आधी कपाळाकडे बघतात. समोरच्या भाभींनी दुसऱ्याच दिवशी फाटकातून हळूच विचारलं, "सब ठीक है ना घर में?" मी घरी येऊन चिडून आईला सांगितलं. आई शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मला तर कोणी विचारतही नाही." बाबा २०१९ मध्ये गेले, तेव्हापासून आईच्या कपाळाला काही नाही. कोणी सक्ती केली नव्हती, पण लाव म्हणूनही कोणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

मेणाचं सुचलं ते आजीच्या फणेरपेटीमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सागवानी पेटी असते, झाकणाला आतून आरसा, आत कप्पे, त्यात फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी. आजी रामबागेतल्या वाड्यात खिडकीशी बसून ही पेटी उघडायची, आरसा तिरपा उभा करायची, मग वेणी, मग मेण, मग पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड. पेटी माळ्यावर होती, डबीत मेण तसंच होतं, वाळून दगड झालेलं, आजीच्या बोटाचा खळगा त्यात अजून दिसतो. ते मी वापरलं नाही, तसंच ठेवलंय.

आता मेणाबद्दल. मधमाशीचंच मेण लागतं. सियागंजात एका दुकानातून आधी घेतलं ते पांढरंशुभ्र, वास नाही, मेणबत्तीचं असावं, कपाळावर त्याचे तुकडे पडायचे आणि कुंकू दुपारपर्यंत पापणीवर. दुसरीकडून पिवळट, मधाचा वास येणारं मिळालं, १०० ग्रॅम आणलं, त्यातलं अजून निम्मं शिल्लक आहे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी, वाटीत मेण आणि खोबरेल, असं वितळवायचं. मेण सरळ गॅसवर ठेवायचं नाही, ते पेट घेतं. प्रमाण मी ऋतूप्रमाणे बदलते, उन्हाळ्यात मेण आणि तेल समान, थंडीत एका भागाला दोन भाग तेल. जानेवारीत मी समान केलं होतं तर सकाळी मेण बोटाला लागेचना, डबी चहाच्या कपाशेजारी ठेवायला लागायची.

खरी डोकेदुखी कुंकवाची. मेण लावलं की झालं असं वाटतं, पण त्वचेवर दिवसभर बसते ती पूड, आणि बाजारातल्या पुडीत काय आहे ते पाकिटावर कुठे लिहिलेलं असतं? राजवाड्याजवळून आणलेलं एक कुंकू डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावून बघितलं, पाचव्या दिवशी पुरळ. फेकून दिलं. कुठलंही कुंकू, टिकली, लिक्विड, काहीही नवीन आणलं की हे आठवडाभर करा, फुकट टेस्ट आहे. आणि एक, कुंकू वेगळं, सिंदूर वेगळा, पण आपल्याकडे दोन्ही एकाच फळीवर असतात आणि मराठी बायकाही कधी कधी तोच उचलतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदुराचे ११८ नमुने तपासले, त्यातले काही मुंबई-दिल्लीचे होते, आणि दहातल्या आठांमध्ये शिसं सापडलं. ते वाचल्यावर मी भाभींना पण सांगितलं, त्या मांग भरतात रोज.

मग घरी करायचं ठरवलं. पहिल्यांदा सोपं केलं, हळद आणि चुना. शाळेत शिकलोय, हळद चुन्याने लाल होते. रंग इतका सुंदर आला की मी फोटो काढून सगळ्या बहिणींना पाठवला. पण शाळेत पुढचंही शिकलोय की आम्ल लागलं की ती परत पिवळी होते, आणि घाम थोडा आम्लच असतो. दुपारी चार वाजता बँकेत एका कस्टमरने विचारलं, मॅडम कपाळाला हळद लागलीय का. शिवाय चुना त्वचेला चांगला नाही, डाग असलेल्या जागी तर नाहीच, त्यामुळे ते बंद केलं.

शेवटी आत्याने तिच्या सासूची रीत फोनवर सांगितली, ती जमली. पाव किलो हळकुंडं फोडून, त्यावर लिंबाचा रस बुडेपर्यंत, त्यात साधारण २५ ग्रॅम टांकणखार (बोरॅक्स) आणि थोडी तुरटी. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, स्टीलमध्ये नाही. रोज हलवायचं, रस मुरला की सावलीत कडकडीत वाळवायचं, मग मिक्सरमध्ये बारीक, मलमलच्या कापडातून दोनदा चाळायचं, शेवटी तळहातावर तुपाचा थेंब घेऊन चोळायचं म्हणजे पूड उडत नाही. हळदीतलं कर्क्युमिन, टांकणखारातलं बोरॉन आणि लिंबाची आम्लता एकत्र आली की हा लाल येतो, त्यामुळे घामाने तो पिवळा पडत नाही. रंग बाजारच्यासारखा भडक नाही, विटेच्या आणि डाळिंबाच्या मधला. मला आवडतो. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं ठेवा, आणि टांकणखार मुलांच्या हाताला लागू देऊ नका. एवढी खटपट नको असेल तर सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, कोणी येत-जात असेल तर तिकडून मागवा, पण हळदीचंच हवं असं विचारून घ्या आणि कोपरावर लावून बघाच.

लावायचं कसं, हे आईने शिकवलं. मी पहिले आठ दिवस क्रीम लावून वर मेण लावत होते, ते घसरायचं. आई मागे उभी राहून म्हणाली, "अगं, कपाळ कोरडं कर आधी. आणि बोट फिरवू नकोस, टेकव." अनामिकेने मेण टेकवायचं, अगदी पातळ, जाड थर केला की उन्हात ओघळतो. गोल जमत नसेल तर पेनाच्या टोपणाची कड मेणाला टेकवून कपाळावर ठसा घ्यायचा आणि आतून भरायचं. मग मान जरा मागे करून कोरड्या बोटाने पिंजर दाबायची, घासायची नाही, आणि जास्तीची मऊ सुती कापडाने झटकायची. सुरुवातीला मला दहा मिनिटं लागायची आणि नाक लाल व्हायचं, आता दोन-तीन मिनिटं लागतात. रात्री कापसाला खोबरेल लावून पुसते, रगडत नाही.

टिकण्याबद्दल खरं सांगायचं तर बसून काम असेल तर सकाळी नऊला लावलेलं संध्याकाळी सातपर्यंत जसंच्या तसं. पण मी अॅक्टिव्हावर जाते आणि हेल्मेटची गादी बरोब्बर तिथेच घासते. उपाय असा निघाला की घरून लावायचंच नाही, छोट्या दोन डब्या पर्समध्ये, ऑफिसला पोचल्यावर लावायचं. मे महिन्यात इंदूर ४२-४३ डिग्रीला गेलं तेव्हा डबी पर्समध्ये अर्धी पातळ झाली, रुमालाला लागली, म्हणजे उन्हाळ्यात डबी पिशवीत उभी आणि घट्ट झाकणाची पाहिजे. कपाळावरचं मात्र वितळलं नाही, नुसतं मऊ पडतं आणि हात लागला की पसरतं. म्हणून घाम टिपायचा, पुसायचा नाही. पावसाळ्यात सगळ्यात छान टिकलं, पाणी मेणावरून निघून जातं. उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला पिवळट डाग पडतात, साबण लागला की लालसर होतात आणि बघून धस्स होतं, पण उन्हात दोन दिवस टाका, उडतात.

लेक वीस वर्षांची आहे, तिने दोन दिवस लावून बघितलं आणि परत आयलायनरचा बारीक ठिपका काढायला लागली, तिच्या कुर्त्यांवर तेच शोभतं. पण आजीची आडवी चिरी तिला आवडली, गणपतीत नऊवारी नेसली तेव्हा तीच लावून घेतली.

डाग? बराच भरलाय, कपाळावरच्या लवेच्या मुळांपाशी आधी तपकिरी ठिपके आले आणि ते हळूहळू जुळत गेले, पाऊण भाग तरी गेला असेल, मधे थोडा फिकट राहिलाय. हे मलमामुळे आणि टिकली बंद केल्यामुळे, मेणाच्या कुंकवामुळे डाग गेला असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही कोणाला सांगू नका. या कुंकवाने एवढंच केलं की नऊ महिन्यांत नवीन खाज नाही आणि कपाळ मोकळं नाही. ज्यांना सकाळी श्वास घ्यायला वेळ नाही त्यांनी टिकलीच लावली तरी चालेल, फक्त रोज रात्री काढा, जागा थोडी बदला आणि खाज आली की थांबा.

अजून एक लिहायचं राहिलं. चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं, कैरीची डाळ, पन्हं, पंधरा-वीस बायका. आई दरवर्षी त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आईनेच मला ती बातमी वाचून दाखवली होती आणि पेपर नीट घडी करून ठेवला होता. मी तेव्हा काही बोलले नाही, या चैत्रात बोलले. पहिली मेणाची डबी घेऊन स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, आई, तू शिकवलंस, आता मी लावते. ती नको म्हणाली, मग डाळीचा डाव खाली ठेवला आणि कपाळ पुढे केलं. बाहेर आल्यावर दोघी-तिघी गप्प झाल्या, समोरच्या भाभी मात्र उठून आईच्या पाया पडल्या. आत्याने फोनवर नंतर नाराजी बोलून दाखवली, ती रीत सांगणारीच आत्या, तिचं अजून पटलेलं नाही, आम्ही बोलतोय.

कालपासून सकाळी जरा गार वाटतंय, तर या आठवड्यात थंडीचं मेण करायला घेणार आहे. आईने आधीच सांगून ठेवलंय की या खेपेला तेल थोडं जास्त घाल, माझ्या बोटांना कडक जातं.